एकोणीस नंबरचं बियाणं

डबा इतका हलका असेल हे नबीलालच्या हाताला ठाऊक नव्हतं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून त्याने दोन शेर मक्याचं वजन पेलायच्या बेताने दंड ताठ केला, आणि रिकामा पत्रा एकदम वर जाऊन माळ्याच्या तुळईला खणकन आपटला. खाली चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. परत सुरू होईल म्हणून नबीलाल वाट पाहत राहिला. झाला नाही. त्याने डबा छातीशी धरला आणि झाकणाकडे पाहिलं. कडेची लाख जागच्या जागी होती, पण तिच्यावर शेतकी खात्याचा शिक्का नव्हता. कुणीतरी ती वितळवून पुन्हा लावली होती आणि गरम असतानाच बोटाने दाबून सारखी केली होती. एका जागी त्या बोटाचा ठसा उमटला होता. बारीक, निमुळतं बोट. आत कडुनिंबाचा वाळका पाला होता आणि त्याच्याच हातची चिठ्ठी: क्रमांक एकोणीस, मौजे खर्डा, लाल, बारीक दाणा, कठीण. त्याने अठरा नंबरचा डबा हलवून पाहिला, मग वीस, मग एकवीस. सव्वीसच्या सव्वीस डब्यांना त्याने हात लावला. कुठेच खुळखुळ नव्हती. पाला मात्र सगळ्यांत होता, आणि तो हलवला की कुणीतरी फार लांब कुजबुजल्यासारखा वाजत होता.

सकाळी कचेरीत पत्र आलं नसतं तर तो माळ्यावर चढलाच नसता. पत्र वऱ्हाडाकडच्या एका सरकारी फार्मवरून आलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं की एकोणचाळीस साली तुमच्याकडून मक्याचे काही नमुने मूठमूठ आले होते. मधे एक वर्ष पाऊस गेला आणि फार्मवरचा सगळा मका उभा वाळला. त्यात एक जात तेवढी कणसावर आली. लहान कणीस, लाल दाणा, तुमचा क्रमांक एकोणीस. तिचा मोठ्या कणसाच्या जातीशी संकर करण्याचा विचार आहे. आमच्याकडचं बी घुशींनी नेलं, तरी दोन शेर पाठवावं. पत्र वाचताना नबीलालच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. वीस वर्षांच्या नोकरीत कुणी काही मागावं आणि ते फक्त त्याच्यापाशी असावं, असं पहिल्यांदाच घडत होतं. साहेबांना, आप्पासाहेबांना, पत्र दाखवताना तो म्हणालाही होता, "घरी आहे. मी जपून ठेवलंय."

जपून ठेवलंय. शिडी उतरताना हे शब्द त्याच्या पायात आले. खाली रोशनबी परातीवर वाकून बसली होती, हात पिठात तसेच. तिने वर पाहिलं नाही. नबीलालला विचारायचं होतं, पण विचारलं की ती सांगेल, आणि सांगितलं की ते झालेलं असेल. त्याने चिठ्ठी खिशात ठेवली आणि जेवायला बसला. समोर खुर्शीद पाटीवर उजळणी लिहीत होती. नऊ वर्षांची पोर, हाडापेराने रोड, पण डोळे तरतरीत. मुदतीच्या तापातून उठली तेव्हा तिच्या डोक्यावर एक केस राहिला नव्हता. आता दोन वेण्या होत्या. नबीलाल त्या वेण्यांकडे पाहत राहिला. डबे कधी रिकामे झाले ते त्याला कळलं होतं. त्रेचाळीस साल. तो गावोगाव सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणाऱ्यांबरोबर फिरत होता, लोकांच्या कणग्यांत हात घालत होता, आणि नगरात रेशनच्या दुकानावर नऊ दिवस फळी लागलेली होती. परत आला तेव्हा पोर बसती झाली होती. "कसं भागवलंस?" असं त्याने विचारलं होतं, आणि "भागलं," असं रोशनबी म्हणाली होती. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं होतं. माणसाचं समाधान किती लवकर होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा मागितली. आप्पासाहेबांना त्याने बी खराब झालं एवढंच सांगितलं. "मग त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "त्यांना लाल मका पाहिजे ना? बाजारात बघा कुठे मिळाला तर, आणि द्या पाठवून. मका तो मका." नबीलालने रजेचा अर्ज त्यांच्या पुढ्यात सरकवला. हे वाक्य त्याने पूर्वी ऐकलं होतं; तो स्वतःच बोलला होता, अडतीस साली, जुन्या साहेबांच्या मागे पिशव्या घेऊन फिरताना पहिल्या आठवड्यात. जुने साहेब म्हणजे बुटका, दमेकरी माणूस. गावात शिरले की शेतात जायच्या आधी लोकांच्या घरात वर बघायचे, कारण बियाण्याची कणसं आढ्याला टांगलेली असायची. अकोले तालुक्याच्या डोंगरात काळसर दाण्याचा मका मिळाला. कोल्हारला, रोशनबीच्या माहेरी, प्रवरेच्या काठी पिवळाजर्द, लांब कणसाचा, दुधात असताना साखरेसारखा लागणारा. एका गावचा साठ दिवसांत यायचा, दुसऱ्याला चार महिने लागायचे. एकाच्या ताटाला खोडकिडा शिवत नव्हता. साहेब दाण्यांच्या ओळी मोजायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि डोळे मिटून चावायचे. नबीलालने "मका तो मका" म्हटलं तेव्हा ते रागावले नव्हते. बांधावर बसून दम खात म्हणाले होते, "शेख, उद्या कोणता रोग येणार आहे हे तुला माहीत आहे का? मलाही नाही. मग त्याला पुरून उरणारं कणीस कोणतं, ते आज कसं ठरवायचं? सगळीच ठेवायची. आज ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तेसुद्धा." आणि आणखी एक सांगितलं होतं. मका वाऱ्यावर फळतो. शेजारी दुसरी जात असली की तिचे पराग घेतो. म्हणून प्रत्येक जात वेगळी पेरायची, तुऱ्याला आणि कणसाला कागदी पिशवी बांधायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी हे सगळं पुन्हा करायचं, नाहीतर डब्यातलं बी डब्यातच मरतं. एक्केचाळीस साली त्यांनी सगळे नमुने शेवटचे पेरून घेतले आणि त्याच थंडीत ते गेले. बेचाळीसला डबे ठेवलेली खात्याची कोठी लष्कराच्या सामानासाठी रिकामी करून घेतली, तेव्हा डबे फेकून देऊ नयेत म्हणून नबीलालने टांग्याच्या दोन खेपा करून ते झेंडीगेटजवळच्या आपल्या दोन खोल्यांत आणले. त्या दिवशी त्याला आपण फार मोठं काहीतरी केलं असं वाटलं होतं.

जामखेडकडे जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की माणसं उतरून चालत, आणि मागच्या भट्टीचा धूर त्यांच्या तोंडावर येई. नबीलाल धुरात चालत राहिला. खर्ड्यापर्यंत पोचायला दिवस गेला. रात्र धर्मशाळेत काढून सकाळी तो किल्ल्याच्या पलीकडच्या माळावर निघाला. एकोणीस नंबरचं बी जिने दिलं होतं, त्या झुंबरबाईचं रान त्याला आठवत होतं. मुरमाड उतार, मधेमधे खडकाच्या पाठी उघड्या पडलेल्या, आणि त्यात गुडघ्याच्या थोडा वर एवढाच बुटका मका. एका पावसावर येतो, असं ती म्हणाली होती. साहेबांचा विश्वास बसला नव्हता. तिने आढ्याची पेंडी सोडून त्यांच्या पुढ्यात टाकली होती: "घ्या. माझ्या सासूच्या सासूनं राखल्यालं हाय." आता तो उतार समोर आला आणि नबीलाल थांबला. रान भरलेलं होतं. पुरुषभर उंचीचा मका, एकसारखा, शेजारच्या रानात तोच, त्याच्या पुढच्या रानात तोच. पाऊस पंधरा दिवस गेला होता. पानं सुरळी होऊन उभी होती, खालची कागदासारखी पांढरी पडली होती, आणि वारा आला की सगळा उतार एकदम खडखडत होता. कणसं धरली नव्हती. केस बाहेर पडून तसेच वाळले होते.

झुंबरबाईने त्याला ओळखलं. म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. "नबीभाऊ न्हवं? या. बसा सावलीला." तिने तांब्या पुढे केला. पाणी गढूळ होतं. तिने ते आधी पदराने गाळून घेतलं होतं.

"आक्का, ते लाल बी," तो म्हणाला. "पहिलं. तुमच्या घरचं. थोडं हाय का कुठं?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला थट्टा वाटली असावी. "आता मला इचारता? तुमीच नेलं की."

"ते अडतीस साली. मूठभर. मी म्हणतो, घरात ठेवलेलं."

"त्येच म्हन्ते मी. तुमी पुन्यांदा आलाव्हता न्हवं का, बैलगाडी घिऊन. पायलीला दीड पायली."

तो विसरला होता असं नव्हे. आठवण होती, पण या घराशी तिची गाठ त्याने मारली नव्हती. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात, जास्त धान्य पिकवा म्हणून, पांढऱ्या मोठ्या दाण्याचं नवं बी खात्याने वाटायला दिलं. जुनं एक पायली आणा, नवं दीड पायली घ्या. जामखेडच्या बाजूच्या बत्तीस गावांचं काम नबीलालकडे होतं, आणि सगळ्या भागात त्याचंच काम आधी पुरं झालं. आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं होतं. गोळा झालेलं जुनं बी, काळं, तांबडं, ठिपक्याठिपक्यांचं, एकाच ढिगात ओतून पोत्यांत भरून सरकारी गोदामात गेलं आणि तिथून गिरणीत. ढिगापाशी उभं असताना त्याला एकदा वाटलं होतं की यातलं थोडं निवडून ठेवावं. पण घरी डबे आहेत, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. डबे आहेत, म्हणून तो ते ढीग ओतू शकला होता.

"पैल्या साली लई पिकलं," झुंबरबाई म्हणाली. "खोटं कशापायी बोलू? येवढालं कनीस. लोकं बघाया यायची. मंग पावसानं तान दिली, आन् त्ये सगळं असं." तिने रानाकडे हात केला. "गेल्या साली बी असंच. गोरक्षनाथ, पोरगा माझा, गेला साखरकारखान्यावर, बायकापोरं घिऊन. आता मी हाय आन् ह्ये खडखडनं हाय. आमचं लाल आसतं तर येवढं येवढं का हुईना, कनीस आलं आसतं."

"कुणाकडंच न्हाई? तुमच्या भावकीत, वस्तीवर?"

"म्याच सगळ्यास्नी सांगितलं बदलून घ्या म्हून. शेतकीचं नबीभाऊ सांगत्यात म्हन्ल्यावर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला खाली बघता आलं असतं. मग तिला काहीतरी सुचलं. ती घरात गेली आणि गेल्या वर्षीची चार कणसं घेऊन आली. पांढरी, अर्धी पोचट. पण मधेमधे एखादा दाणा लाल होता, हिरडीला रक्त यावं तसा. "कुनाचं तरी वाऱ्यानं आलं आसंल. पैल्या साली एकदोन रानांत जुनं हुतं अजून."

नबीलालने ते दाणे नखाने सोडवले. एकतीस निघाले. तळहातावर ठेवून तो ते बघत राहिला. "आक्का, हे तेच हाय का?"

झुंबरबाईने एक दाणा उचलला, दातांत धरला, आणि परत त्याच्या हातावर ठेवला. "रंग त्याचा हाय," ती म्हणाली. "जीव कुनाचा हाय त्ये मी काय सांगू?"

परतीच्या मोटारीत तो हिशोब करत होता, वर्षांचा. एक्केचाळीसला पेरलं होतं. म्हणजे त्रेचाळीसला, फार तर चव्वेचाळीसला पुन्हा पेरायला हवं होतं. हे त्याला माहीत होतं. त्याने त्रेचाळीसच्या मे महिन्यात त्यासाठी पाच गुंठे जागा मागितली होती, आणि तिथे लष्करासाठी भाजीपाला आहे असं उत्तर मिळाल्यावर पुन्हा मागितली नव्हती. एकदा विचारलं, झालं. त्यानंतर तीन वर्षं त्याने माळ्याकडे बघितलं आणि त्याला बरं वाटलं. रोशनबीने हात लावला नसता तरी आज त्या डब्यांत काय असतं? साहेब सांगायचे तसं, मेलेलं बी. दिसायला दाणा, पेरला तर माती. दहात एखादा उगवला असता, कदाचित शंभरात. कदाचित एकही नाही. तिने खाल्लं तेव्हा ते जिवंत होतं, एवढाच तिचा गुन्हा. तो हे स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत होता. दरवेळी ते खरं होतं, आणि दरवेळी त्यातून त्याच्या हाती काही लागत नव्हतं.

घरी खुर्शीद शेजारी खेळायला गेली होती. रोशनबीने पाय धुवायला पाणी दिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. आता मात्र ती स्वतःच बोलली. कोल्हारची बोली तिने वीस वर्षं नगरात राहूनही सोडली नव्हती.

"मी सांगनार हुते. रोज सांगनार हुते. तुमी वर बघितलं की मी चुलीकडं तोंड फिरवायची."

"सगळे डबे?"

"आधी न्हाई. आधी येका डब्यातनं येक मूठ. वाटलं, कुटलाच रिकामा व्हायला नको. पन नऊ दिवस हुतं, आन् पोरगी पानी बी वकायची. दुकान उघडलं तरी दोन म्हयने मूठमूठच द्यायचे, मंग हात थांबला न्हाई." ती बोटांकडे बघत होती. "जात्यावर भरडून कन्या करायची. काळं कडू लागायचं. आमच्या कोल्हारचं गोड, पन ते पोटात टिकायचं न्हाई, घडीभरात पोरगी पुन्ना रडायची. त्ये लाल हुतं ना, बारीक, त्ये शिजायला अर्धा दीस घ्यायचं. सरपन लई जायाचं. पानी गुलाबी व्हायचं त्याचं. पन त्येची पेज पाजली की सांजपत्तोर पोर मागायची न्हाई. निजायची. म्हून त्ये मी तिच्यापुरतं ठिवलं. मी दुसरं खाल्लं."

नबीलाल ऐकत होता, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली, कारण तो नवऱ्यासारखा ऐकत नव्हता. अर्धा दिवस. गुलाबी पाणी. संध्याकाळपर्यंत भूक नाही. हे कोणत्याही वहीत नव्हतं. साहेबांना माहीत नव्हतं, वऱ्हाडातल्या त्या अधिकाऱ्याला नव्हतं. ते त्याला तिच्याकडून आणखी काढून घ्यायचं होतं. किती पाणी, किती दाणे, साल निघायची का. तिला रडू येत होतं आणि तो विचारत होता, "साल निघायची का?"

"अवो, पोरगी जगली," रोशनबी म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "ते दिसतंय मला." आणि उठून आत गेला.

एकतीस दाणे त्याने पाकिटात घालून वऱ्हाडात पाठवले. सोबत खरं लिहिलं: मूळ बी नष्ट झालं आहे, हे मिश्र कणसांतून काढलेलं आहे, कृपया वेगळं पेरून पाहावं. नष्ट कसं झालं ते लिहिलं नाही. मग वर्ष गेलं. सत्तेचाळीसचा पावसाळा आला. मोहल्ल्यातली दोन घरं बंद झाली, माणसं हैदराबादेला गेली. रोशनबीचा भाऊ येऊन तुमी काय ठरवलं म्हणून विचारून गेला, आणि नबीलालने काहीच ठरवलं नाही. तो पाऊसमान वाचत राहिला. वऱ्हाडात पाऊस कमी आहे असं कळलं की त्याला बरं वाटायचं; ताण पडल्याशिवाय त्या दाण्यांची परीक्षा कशी होणार? लोकांचं पीक जळावं अशी इच्छा करणारा आपण शेतकी खात्याचा माणूस, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. रोशनबी काही विचारत नसे. पण दुपारचं टपाल झाल्यावर तो जेवायला घरी आला, की ती त्याच्या हातांकडे बघायची.

उत्तर डिसेंबरात आलं. सहा ओळी होत्या. एकतीसपैकी सत्तावीस दाणे उगवले, कणसं धरण्याआधी पावसाने ताण दिला, आणि बाकीच्या मक्याबरोबर तेही वाळले. रंग आला आहे, गुण आलेला नाही. मूळ बियाण्याचा अन्यत्र कुठे तपास लागल्यास कळवावं, ती जात अन्य कोणत्याही नमुन्यात आढळलेली नाही. सहकार्याबद्दल आभार. आप्पासाहेबांनी त्यावर सही करून पत्र फायलीला लावायला सांगितलं आणि खिडकी बंद करायला लावली, कारण वारं सुटलं होतं.

दुपारी तो घरी आला तेव्हा रोशनबी ताट वाढत होती. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. खुर्शीद शाळेत होती. त्याने काही न सांगताही तिला कळलं असावं. तिने ताट पुढे सरकवलं, पण हात काढून घेतला नाही.

"न्हाई आलं?"

"नाही."

"दुसरीकडं कुटं आसंल की. येवढी दुनिया पडलीया."

"कुठंच नाही."

ताटाच्या काठाकडे बघत ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळंच ना?"

नबीलालच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं: तो तांबडाकाळा ढीग, दीड पायलीचं माप, सगळ्यांसमोर घेतलेलं त्याचं नाव, एकदाच मागितलेली पाच गुंठे जागा, आणि तीन वर्षं नुसतं वर बघणं. सांगायला पाच मिनिटंही लागली नसती. रोशनबी, ते बी तू खाल्लंस तेव्हा मी ते मारायला घेतलं होतं, रानातही आणि डब्यातही. तू नसतंस खाल्लं तरी आज हेच झालं असतं. हे शब्द जुळवलेले, क्रमाने लावलेले त्याच्यापाशी तयार होते. मोटारीतून येताना वर्षापूर्वीच तयार झालेले. ती मान वर न करता थांबली होती. तिचे खांदे किती उतरलेत हे त्याला दिसत होतं. आणि त्याला हेही दिसत होतं की हे ओझं तिने उचललेलंच आहे, तिला त्याची सवय झाली आहे, आणि आपल्याला ती नाही.

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. इतक्या वर्षांनी कुणीतरी ते बोललं म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं की काय, त्याला कळलं नाही. ती उठली, तव्यावरची भाकरी उलटली, आणि गरम अर्धी त्याच्या ताटात आणून ठेवली. नबीलालने तुकडा मोडला. त्याला भूक लागली होती.